खाडा पडला म्हणून नाव कटत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४३, पुण्यात खासगी कंपनीत बैठी नोकरी, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७६ किलो. दोन वर्षांपूर्वी एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेची तपासणी, ५.९ होतं, आता ६.२. वडिलांना मधुमेह. ‘डॉक्टर म्हणाले, पाच किलो कमी करा, रोज चाला. करतो हो, पण टिकत नाही. जानेवारीत जिमचे वर्षाचे पैसे भरले, तीन आठवडे गेलो. मग मोबाइलवर ॲप घेतलं, ४१ दिवस सलग चाललो. गावी लग्नाला गेलो आणि साखळी तुटली ती तुटलीच. माझ्यात चिकाटीच नाही का? सवय लागायला नक्की करायचं काय?’

सोलापुरात सव्वीस वर्षं दवाखाना चालवतोय. या प्रश्नाचं उत्तर मी दिवसातून दोन-चार वेळा तरी देतो, पण बाहेर पेशंट बसलेले असतात, त्यामुळे तुकड्यातुकड्यानं. इथे जरा ऐसपैस लिहितो.

आधी चिकाटीचं बघू. ४१ दिवस सलग चालणाऱ्या माणसात चिकाटी नाही असं मी तरी म्हणणार नाही. तुमचं गणित बेचाळिसाव्या दिवशी चुकलं.

माझे वडील इथल्या गिरणीत होते. गिरणी कामगाराच्या घरात ‘खाडा’ हा शब्द रोजचा. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी बुडाली, आई कुरकुरायची, महिनाअखेरी उधारी वाढायची. पण एक खाडा पडला म्हणून कुणाचं नाव पटावरून कटलेलं मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला की माणूस डबा घेऊन निघायचा. नाव कटायचं ते न सांगता दिवसच्या दिवस गायब राहणाऱ्याचं. तुम्ही एका खाड्यावर स्वतःचं नाव स्वतःच कापलंत. ॲपनं ४१ चा शून्य केला आणि तुम्ही त्या शून्यावर विश्वास ठेवलात. तुमच्या स्नायूंनी, रक्तवाहिन्यांनी शून्य केलेलं नव्हतं. ते ४१ दिवस त्यांच्याकडे जमा होते.

याला अभ्यासाचाही आधार आहे. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. त्याचं मूळ एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडे जातं, मॅक्सवेल माल्ट्झ त्यांचं नाव. त्यांनी १९६० साली लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळून पडलं, चेहराही गळून पडला, उरले २१ दिवस. प्रत्यक्ष मोजणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी एकेक नवी सवय निवडली. कुणी जेवणाबरोबर फळ खायचं ठरवलं, कुणी जेवणाआधी पंधरा मिनिटं पळायचं. बारा आठवडे नोंदी ठेवल्या. गोष्ट आपोआप होऊ लागायला लागलेला मधला काळ निघाला ६६ दिवस, आणि माणसामाणसातला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. व्यायामाची सवय पाणी पिण्याच्या सवयीपेक्षा सावकाश रुजते, हेही दिसलं. पण मला त्यातली सगळ्यात कामाची वाटते ती वेगळीच गोष्ट: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय रुजण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे ४१ व्या दिवशी तुम्ही अर्ध्याहून जास्त वाट चालून आला होतात, आणि तिथून घरी परतलात.

आता तुमच्या आकड्यांकडे येतो, कारण ध्येय काय आहे तेच धूसर असेल तर सवय कशाला लावायची?

एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, ६.५ पासून पुढे मधुमेह. तुम्ही ६.२ वर आहात. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा गोषवारा असतो. पंधरा दिवस कडक राहून पुन्हा तपासणी करणारे आणि ‘काहीच फरक नाही’ म्हणून सोडून देणारे कितीतरी लोक मी पाहिले. तीन महिन्यांच्या आत ही तपासणी करू नका, पैसे वाया जातात आणि उमेदही.

वजन-उंचीच्या हिशोबानं तुमचा बीएमआय २७ च्या आसपास येतो. आपल्याकडे २३ च्या वर जादा आणि २५ च्या वर लठ्ठ धरतात, युरोपियन लोकांपेक्षा मर्यादा खाली आहे. ती का, हे समजून घ्यायला पुण्याचंच उदाहरण देतो. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण हातापायानं बारीक दिसतो आणि चरबी पोटात साठवतो. म्हणून वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेप महत्त्वाचा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा. पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण पोटाखाली घालतो!

तुमच्या डॉक्टरांनी पाच किलो सांगितले ते उगीच नाहीत. अमेरिकेत ३,२३४ जणांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या: वजन ७ टक्के घटवा आणि आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालण्याइतका व्यायाम करा. सरासरी पावणेतीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. ७६ किलोचे ७ टक्के म्हणजे पाच किलो आणि थोडं वर. हे आकडे सगळे सांगतात. मला त्याच अभ्यासातले दुसरे दोन तपशील जास्त महत्त्वाचे वाटतात. एक, त्या लोकांना ‘चाला, कमी खा’ एवढं सांगून घरी पाठवलं नव्हतं. पहिल्या २४ आठवड्यांत प्रत्येकाला स्वतंत्रपणे शिकवण्याचे १६ धडे होते, मागे लागायला माणूस होता. दोन, एवढं करूनही २४ आठवड्यांनी ७ टक्क्यांचं लक्ष्य गाठलेले निम्मेच होते, आणि शेवटच्या भेटीपर्यंत तेही ३८ टक्क्यांवर आले. म्हणजे बहुतेकांना पूर्ण जमलं नाही, तरी त्या गटाचा एवढा फायदा झाला. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या चमूनं आपल्याच लोकांवर, ५३१ जणांवर, असाच अभ्यास केला, तो २००६ चा. तिथे फायदा २८.५ टक्के निघाला. अमेरिकेपेक्षा कमी, पण मेटफॉर्मिनच्या गोळीइतका. मला त्यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही.

तेव्हा ‘सहा महिन्यांत ५.६ वर आणतो’ हे ध्येय म्हणून कागदावर लिहा आणि कागद रिपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा. रोज बघायचं ते दुसरंच काहीतरी हवं. आकडा तुमच्या हातात नाही. जेवून उठल्यावर चपला घालणं हातात आहे.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी उपाशीपोटीची साखर ११२ निघाली. शंभराच्या वर म्हणजे मीही तुमच्याच पंगतीत. डॉक्टरच असल्यामुळे मी शहाणपणा केला: पहाटे पाचला उठून पळायला लागलो. महागडे बूट घेतले. सहा आठवड्यांत उजवा गुडघा सुजला, आणि गुडघ्याचं कारण मिळाल्यावर मी पुढचे चार महिने सुखानं काहीच केलं नाही. पेशंटना चालायला सांगताना जीभ अडखळायची. शेवटी बायको म्हणाली, ‘आपल्याकडे रात्री जेवल्यावर सासरे शतपावली घालायचे, तेवढी तरी घाला.’ वडील गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे, पानवाल्याशी बोलून. मी तिथूनच सुरू केलं. दहा मिनिटं. महिन्याभरानं वीस झाली ती ठरवून नव्हे, गल्लीतल्या दोघांशी ओळख झाली म्हणून.

शतपावलीला आपण म्हाताऱ्यांचा चाळा समजतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात मधुमेही लोकांवर २०१६ साली एक छोटा अभ्यास झाला. एका पाळीत त्यांनी दिवसातून केव्हाही सलग ३० मिनिटं चालायचं, दुसऱ्या पाळीत तीनही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं. मिनिटं सारखीच. पण जेवणानंतर चाललं तेव्हा जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. कारण साधं आहे. चालताना मांडीचे, पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी इन्शुलिनची फारशी वाट बघत नाहीत. आणि आपलं सगळ्यात जड जेवण रात्रीचं, त्यानंतर सोफा, मालिका, मोबाइल. तुमच्या जागी मी असतो तर जिम बाजूला ठेवून पहिली सवय हीच धरली असती: रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं. एवढीच.

‘एवढ्यानं काय होणार?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असणार, सगळ्यांचा असतो. एवढ्यानं पाच किलो जाणार नाहीत, खरं आहे. पण पहिल्या दोन महिन्यांत मला तुमचे किलो नकोच आहेत, मला तुम्ही रोज दाराबाहेर पडलेले हवे आहात. दहाची चाळीस मिनिटं होतात. शून्याची होत नाहीत.

आता ही सवय टांगायला खुंटी हवी. लोक वेळ ठरवतात, ‘रोज साडेनऊला’. साडेनऊला कधी कॉल असतो, कधी जेवणच झालेलं नसतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली यावर सविस्तर लिहिलं: ‘मी अमुक करीन’ एवढंच ठरवण्यापेक्षा ‘तमुक झालं की मी अमुक करीन’ असं ठरवलेलं जास्त पार पडतं. आमच्याकडे एसटीचे एक ड्रायव्हर येतात. आज पहाटेची ड्यूटी, उद्या मुक्कामी गाडी, परवा सुट्टी. घड्याळ धरून त्यांना काहीही करता येणं शक्य नव्हतं, आणि मीही वर्षभर त्यांना ‘सकाळी चाला’ सांगत बसलो होतो. मग त्यांनीच तोड काढली: गाडी डेपोत लावली, चावी आणि कागद जमा केले की डेपोभोवती तीन फेऱ्या. गाव कुठलंही असो, वेळ कुठलीही असो. त्यांची खुंटी म्हणजे चावी जमा करणं. तुमची खुंटी ताट उचलणं असू शकेल. ताट मोरीत ठेवलं की चपला. मधे बूड टेकायचं नाही, सोफा तर नाहीच. सोफ्यावरून उठवायला इच्छाशक्ती लागते, सोफ्यावर बसायच्या आधी लागत नाही.

खुंटी निवडताना एक काळजी घ्या. ती रोज आपोआप घडणारी हवी. ‘ऑफिसातून लवकर आलो की’ ही खुंटी नाही, ती इच्छा झाली.

आता नोंदीचं. तुमचं ॲप काढून टाका असं मी म्हणणार नाही, पावलं मोजायला ते ठीक आहे. (आणि दहा हजारांचा धसका घेऊ नका. तो आकडा १९६५ साली जपानात विकायला काढलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला. ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं यंत्र. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्क बायकांचा अभ्यास आला, त्यात साडेचार हजारांच्या आसपासही मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साडेसात हजारांनंतर फायदा फारसा वाढला नाही. तुमचं वय कमी आहे, जास्त चालाल तर चांगलंच, पण ९,८०० ला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.) नोंदीसाठी मात्र स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर वापरा. त्यावर दुधाचा हिशोब असतो ना, तोच.

दुधाचा हिशोब आपण कसा ठेवतो? दूध आलं म्हणून रोज बरोबरची खूण कुणी करत नाही. दूध येणारच, हे धरलेलं असतं. आलं नाही त्या दिवशी चौकटीत ‘खाडा’ लिहितो. चालण्याचाही हिशोब तसाच ठेवायचा. चाललात तर काही लिहू नका. खाडा पडला तर ‘खा’ लिहा आणि पुढे एका शब्दात कारण: पाहुणे, पाऊस, प्रवास, ताप, कंटाळा. कंटाळा लिहायला लाजू नका. पेशंट विचारतात, ‘डॉक्टर, चुकलेलंच तेवढं लिहायचं म्हणजे मन खट्टू नाही का होणार?’ उलट होतं. महिना संपतो तेव्हा पानावर सहा खाडे दिसतात आणि चोवीस चौकटी कोऱ्या. साखळीच्या हिशोबात हाच महिना ‘तुटली, तुटली, तुटली’ असा दिसला असता.

आणि खरा फायदा कारणांचा. आमच्या इथल्या एक शिक्षिका, त्यांची साखर मी बरीच वर्षं पाहतोय. सकाळी चालण्यात सारखे खाडे. ‘मी मुळातच आळशी आहे’ असं त्या मला हसत सांगायच्या. दोन महिन्यांचं कॅलेंडर समोर ठेवलं तर खाडे चार-पाच दिवसांच्या अंतरानं पडलेले, ओळीनं. कारणाच्या जागी ‘पाणी’. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. आलं की पहाटे सगळ्या टाक्या, घागरी, बादल्या भरून घ्यायच्या, त्यात दीड तास जातो, मग डबे, मग शाळा. यात आळस कुठे आला? पाण्याच्या दिवशी त्यांनी संध्याकाळी शाळा सुटल्यावर एक थांबा आधी उतरून चालत यायचं ठरवलं. सगळे खाडे गेले नाहीत, पण निम्म्याहून कमी झाले, आणि ‘मी आळशी’ हे पालुपद बंद झालं. त्यांच्या तब्येतीला कुठली गोष्ट जास्त लागू पडली ते मला सांगता येणार नाही.

खाड्याच्या दुसऱ्या दिवशी काय करायचं, याचं उत्तर आधी तयार हवं. नेहमीइतकंच चाला. भरपाई म्हणून दुप्पट चालू नका, एक जेवण गाळू नका. सावकाराच्या व्याजासारखी भरपाई चढत जाते आणि तिसऱ्या दिवशी माणूस तोंड चुकवतो. लागोपाठ तीन-चार खाडे पडले, म्हणजे आजारपण, दौरा, घरचं कार्य असं काही, तर परतताना निम्म्यापासून सुरू करा. तुम्ही लग्नाहून परत आलात त्या रात्री नुसतं बिल्डिंगच्या गेटपर्यंत जाऊन आला असतात तरी आज हा प्रश्न विचारायची वेळ आली नसती, असा माझा अंदाज आहे.

खाण्याबद्दल फार लांबण लावत नाही, कारण तुम्ही माहितीनं कमी नाही, बहुधा जास्तच भरलेले आहात. एका वेळी एकच बदल धरा आणि तो चहापासून. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, साधारण ३५ ते ४० ग्रॅम. वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. म्हणजे तुमचा सगळा कोटा चहातच संपून वर उधारी होते. एकदम बिनसाखरेचा चहा करू नका, तो चार दिवस टिकतो. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. जीभ बदलते, पण तिला घाई चालत नाही. दोन-अडीच महिन्यांनी कुणाच्या घरचा नेहमीचा चहा तुम्हाला पाकासारखा लागेल, तेव्हा समजा झालं. साखरेऐवजी गूळ घातला तर रक्ताला फरक कळत नाही, हे सांगायला मला दर आठवड्याला कुणाशी तरी वाद घालावा लागतो.

भाकरीचंही तसंच. सोलापूरकर म्हणून ज्वारीची कड मी घेणारच, पण ज्वारीची झाली तरी चार भाकरी त्या चारच. पहिल्यांदा उसळ, भाजी, काकडी-कांदा पोटात जाऊ द्या, भाकरी आपोआप दीडवर येते. उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा म्हणजे पिष्टावर पिष्ट. उपवास श्रद्धेनं करा, साखर कमी करायला म्हणून करू नका. आणि फरसाणाचा डबा माळ्यावर टाका. फेकून देऊ नका, पाहुणे येतात. पण स्टूल घेऊन चढावं लागलं की निम्म्या वेळा आपण ‘जाऊ दे’ म्हणतो.

तुमच्या वर्षाचा एक नकाशा मात्र आत्ताच काढून ठेवा. आपलं वर्ष सपाट नसतं. श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी असे तीन-चार महिने एकाला एक लागून येतात. त्या काळात वजन घटवायचा हट्ट धरणारे दसऱ्यापर्यंत हरतात आणि दिवाळीत सूड उगवतात. मी पेशंटना स्पष्ट सांगतो: श्रावण ते दिवाळी वजन राखायचं, घटवायचं नाही. चालणं चालू, चहाचं प्रमाण चालू, बाकी सण करा. उकडीचे दोन मोदक पानावर, गरम, तूप घालून, सगळ्यांबरोबर बसून खा. रात्री अकराला फ्रिज उघडून उभ्यानं खाल्लेला तिसरा सणाचा नसतो. घटवण्याचे महिने दिवाळीनंतरचे, आणि मग उन्हाळ्यात लग्नसराई आणि आमरस येईपर्यंतचे. इकडे एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सातलाही जमीन भाजत असते, तेव्हा चालणं रात्री साडेनऊवर जातं. पुण्यात तुम्हाला पावसाचा विचार करावा लागेल. पार्किंगमध्ये किंवा जिन्यात काय करायचं ते जूनच्या आधी ठरलेलं असू द्या.

घरच्यांना सांगा, पण नेमकं सांगा. ‘मला साथ द्या’ म्हटलं की घरचे पहारेकरी होतात. ‘आज गेला नाहीत वाटतं?’ हे वाक्य रोज ऐकलं तर माणूस मुद्दाम जात नाही, मीही गेलो नव्हतो. त्यापेक्षा ‘रात्रीचं जेवण साडेआठच्या आत होऊ दे’ एवढी एक मदत मागा. जमलं तर दोघं मिळून चाला. दिवसभराचं बोलणं त्या दहा मिनिटांत होऊन जातं. मित्रांबरोबर टेकडी चढत असाल तर उत्तमच, फक्त खाली उतरल्यावर मिसळ आणि दोन कटिंग हा कार्यक्रमाचा भाग असेल तर तो रविवारपुरता ठेवा. असे टेकडीवाले माझ्या परिचयात आहेत, वीस वर्षं चढताहेत आणि वजन जागचं हललेलं नाही.

झोपेचं एका वाक्यात: फोनचा चार्जर झोपायच्या खोलीबाहेर लावा, कारण सहा तासांपेक्षा कमी झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलं जास्त खुणावतं आणि त्या दिवशी माझा कुठलाच सल्ला चालत नाही.

दोन-तीन महिन्यांनी चालणं अंगवळणी पडलं की आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम जोडा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर. साखर जिरते ती स्नायूत, आणि चाळिशीनंतर स्नायू मुकाट्यानं कमी होत जातो. तेव्हा जिममध्ये परत जायला हरकत नाही, पण महिन्याचेच पैसे भरा.

काही गोष्टी सवयींवर सोडायच्या नसतात. चालताना छातीत दडपण, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं असं काही झालं तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वजन प्रयत्नाशिवाय घटू लागलं, तहान आणि लघवी वाढली, तर तीन महिन्यांची वाट न बघता साखर तपासा. हे उत्तर वाचणाऱ्यांत कुणी आधीच इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेत असेल तर चालणं वाढवण्याआधी डोसबद्दल विचारून घ्या, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि सहा महिने मनापासून करूनही आकडा चढत राहिला, तर तुमच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुचवलं म्हणून स्वतःला नापास ठरवू नका. वडिलांकडून काय आलं ते तुम्ही निवडलं नव्हतं.

आता हे वाचून झाल्यावर तीन महिन्यांची योजना आखायला बसाल, तुमच्यासारखे आखतातच. बसू नका. कॅलेंडरला दोरीनं एक पेन बांधा, आणि आज रात्री ताट मोरीत ठेवलं की गेटपर्यंत जाऊन या. ९० दिवसांनी एचबीए१सी करा, आणि तुमच्या डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टबरोबर कॅलेंडरची तीन पानंही न्या. माझ्याकडे आला असतात तर मी आधी पानंच पाहिली असती.